मु. पो. कुवेत, ता. खेड

(जनगणनेसाठी घरोघरी जाणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना खुले पत्र)

आदरणीय गुरुजी, आदरणीय बाई,

सलाम आणि नमस्कार.

फेब्रुवारी २०२७ मध्ये तुमच्यापैकी कुणीतरी रत्नागिरीत माझ्या दारात उभं राहील, आणि दुसरं कुणीतरी तिकडे खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठच्या आमच्या गावात, माझ्या अम्मीच्या ओट्यावर. या वेळी मोबाइलवर आपली माहिती आपणच भरायची सोय असणार आहे. मी ती वापरीनही. अम्मी वापरणार नाही. हिरवं बटण दाबलं की फोन उचलला जातो आणि लाल दाबलं की बंद होतो, एवढाच तिचा नि त्या फोनचा करार आहे. म्हणजे तिच्याकडे तुम्हालाच जावं लागणार. वर्ग, पोषण आहाराचा हिशेब, निवडणुकीची कामं आणि त्यावर ही गणती, एवढं तुमच्या डोक्यावर असताना मी वर पत्रही वाचायला लावतेय.

सध्या जो तो जातीच्या रकान्याबद्दल बोलतोय, आणि बोलायलाच हवं. पण मला त्याच्या आसपासच्या गरीब रकान्यांबद्दल बोलायचंय. मातृभाषा, जन्मस्थळ, आधीचं राहण्याचं ठिकाण. यांच्यावरून सहसा कुणी भांडत नाही, म्हणून ते चटकन भरले जातात. भरणाराच भरून टाकतो.

माझ्या कपाटात शाळा सोडल्याचा एक दाखला आहे. घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. त्यात जन्मस्थळाच्या पुढे निळ्या शाईत, फार सुरेख वळणात लिहिलंय : मु. पो. कुवेत, ता. खेड, जि. रत्नागिरी.

ही नोंद झाली तेव्हा मी अब्बांच्या शेजारी उभी होते. सप्टेंबर १९९० संपत आला होता. मी नऊ वर्षांची. शाळेतल्या लेखनिकांनी माझा जन्माचा दाखला हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला. तो पूर्ण अरबीत होता, त्यामुळे उलटं-सुलटं दोन्ही सारखंच. मग त्यांनी अब्बांना विचारलं, "कुवेत कुठल्या तालुक्यात येतं?" अब्बा म्हणाले, "साहेब, तो देश आहे." "देश असला म्हणून काय झालं, तालुका असेलच ना. रकाना रिकामा ठेवला तर तपासणीच्या वेळी बोलणी मला बसतात." अब्बा दोन महिने लढाई, वाळवंट आणि रांगा बघून आले होते. तालुक्यावरून वाद घालायचं त्राण त्यांच्यात नव्हतं. ते म्हणाले, "लिहा मग खेड."

हा किस्सा आमच्या घरात पुढे किती वर्षं चालला! ईदला पाहुणे जमले की कुणीतरी दाखला काढायला लावायचंच. पुढे थोडं वाचन वाढल्यावर मला त्यात आणखी एक गंमत दिसली. मुक्काम, तालुका, जिल्हा हे तिन्ही शब्द मुळात अरबीच. पोस्ट इंग्रजी. त्या अख्ख्या पत्त्यात इथल्या मुळाचं काय ते खेड आणि रत्नागिरी. म्हणजे अब्बा म्हणत होते तितकं काही कुवेत खेडपासून लांब नव्हतं.

पण त्याच दाखल्यात दोन ओळी खाली 'मातृभाषा' आहे. ती त्यांनी कुणालाच विचारली नाही. आडनाव बघितलं आणि लिहिलं, उर्दू. यावर आमच्या घरात कधी कुणी हसलं नाही, कारण कुणाच्या ते लक्षातच आलं नाही. उर्दू आमच्या घरात कुणाला येत नव्हती. दादी कुराण अरबीत वाचायची, बाजारात मराठी बोलायची आणि घरात, शेतात, भांडणात, अंगाईत कोकणी. ती तिला 'कोकनी' म्हणायची. गावात उर्दू बोलणारे एकच, मशिदीतले मौलाना. ते बिहारचे होते.

त्याच शालेय वर्षातली दुसरी एक नोंद सांगते. १९९१ च्या जनगणनेची घरोघरची फेरी ९ ते २८ फेब्रुवारीला होती. तारखा मला पाठ आहेत, कारण २८ फेब्रुवारीलाच आखातातली लढाई थांबली. त्या दिवसांत अब्बा दिवसभर ट्रान्झिस्टर कानाला लावून बसलेले असायचे. सालमियातल्या आमच्या इमारतीचं काय झालं, वर्कशॉपचं काय, मालक जिवंत आहे का, हे बातम्यांत कुणी सांगणार नव्हतं, तरी ऐकायचे. तेलाच्या विहिरी पेटल्याचं त्यांनी आम्हाला जेवताना सांगितलं. अशा एका दुपारी एक गुरुजी आले. धोतर, टोपी, हातात कागदांचा गठ्ठा, आणि बसायला पाट. दादीने आधी पाणी आणि गूळ दिला, मग उत्तरं.

मातृभाषा विचारल्यावर दादी म्हणाली, "कोकनी."

गुरुजी थांबले. "म्हणजे गोव्याची कोंकणी का?"

"गोव्याची कशाला? आमची."

गुरुजींनी लिहिलं आणि लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं. "कोकनी." दादीने मान हलवली, जणू आपलं नाव बरोबर लिहिलंय हे तिने तपासलं. मग गुरुजींनी अब्बांना विचारलं, आधी कुठे राहत होता, आणि इथे का आलात. अब्बा म्हणाले, "लढाई." गुरुजींनी यादीवरून बोट फिरवलं. नोकरी होती, शिक्षण होतं, लग्न होतं. लढाई नव्हती. "इतर लिहितो," ते म्हणाले, आणि मग हळूच, "चालेल ना?" 

माझ्या आयुष्यात सरकारी कागद भरताना 'चालेल ना' मी त्यानंतर फार वेळा ऐकलेलं नाही.

म्हणजे बघा, एकच गाव, एकच घर, पाच महिन्यांचं अंतर, आणि मी एका कागदावर उर्दू, एका कागदावर कोकनी. जनगणनेचा कागद गोपनीय, तो पुन्हा कुणी पाहणार नाही. शाळेचा दाखला मात्र जन्मभर मागे आला. जनरल रजिस्टरला जे चढलं ते बदलायचं तर किती दारं ठोठवावी लागतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. पुढे मुंबईत अकरावीला मराठी विषय घ्यायला खिडकीशी उभी राहिले तर पलीकडून प्रश्न आला, "मातृभाषा उर्दू दिसतेय. मराठी झेपेल?" झेपली. पण त्या दिवशी मी गप्प उभी राहिले त्याचं कारण वेगळं होतं. मला स्वतःलाच क्षणभर वाटलं, कागदावर आहे म्हणजे असेलही.

हे नीट समजावून सांगायला हवं. एका गावात वाढलेल्या माणसाच्या बाबतीत कुणी चुकीचं लिहिलं तर तो लगेच म्हणतो, अहो चूक आहे. देश बदलत वाढलेल्या मुलाला तसं म्हणता येत नाही. त्याच्याकडे पक्कं उत्तर नसतं, आणि समोरचा ज्या खात्रीने लिहितो ती त्याला आपल्यापेक्षा जास्त वाटते. कुवेतमध्ये कुणी विचारलं की मी 'इंडिया' म्हणायचे. २ ऑगस्ट १९९० ला इराकचे रणगाडे आले, आणि मग आम्ही बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या सीमेपर्यंत, तिथे तंबूत, मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. आमच्यासारख्या पावणेदोन लाखांच्या आसपास लोकांना त्या वेळी असं आणलं, ४८८ उड्डाणं झाली म्हणतात. त्यातलं आमचं कितवं, कोण जाणे. मला विमानातलं एवढंच आठवतं की अम्मीने आठवड्यात पहिल्यांदा चपला काढल्या. मुंबईहून रात्रीची एसटी, कशेडी घाट, खेड. सगळे म्हणत होते घरी आलो. आणि गावातल्या शाळेत माझं नाव पडलं 'कुवेत'. ए कुवेत, डबा दाखव. ए कुवेत, अरबीत शिवी दे.

त्या पहिल्या महिन्यात मी गणितात नापास होत होते, आणि का ते कुणाला कळेना. कुवेतमध्ये शाळेत इंग्रजी आकडे, पण गाड्यांच्या पाट्या, दुकानांतले भाव, लिफ्टचे मजले अरबी आकड्यांत. अरबी पाच हा आपल्या शून्यासारखा गोल असतो. तो मला शाळेच्या आधीपासून, रस्त्यावर येता येताच पाठ झालेला. त्यामुळे फळ्यावर शून्य दिसला की डोळा पाच वाचायचा, आणि मी नाही म्हणेपर्यंत हाताने पाच लिहून टाकलेला असायचा. माझ्या वर्गशिक्षिका बाई हुशार. त्यांनी एक दिवस मला ओरडायच्या ऐवजी विचारलं, "तुला हा काय दिसतो?" मी म्हटलं, पाच. त्यांनी डोक्याला हात लावला आणि वर्गासाठी माझ्याकडून अरबी आकडे फळ्यावर लिहून घेतले. त्या दिवसापुरती मी 'कुवेत' असल्याचा मला फायदा झाला.

१९९३ मध्ये अब्बांना मस्कतला काम मिळालं आणि आम्ही तिथल्या रुवी भागात राहायला गेलो. तिथे शाळेतल्या मल्याळी मुलींनी मला 'बॉम्बे' करून टाकलं. माझं खेड त्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि मला कोट्टयम माहीत असायचं नव्हतं. फिटंफाट.

रुवीच्या त्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक ओमानी आजी राहायच्या. जन्म झंझिबारचा. तिथे १९६४ ला क्रांती झाली, अरबांची कत्तल झाली, आणि १९७० नंतर ओमानमध्ये नवा सुलतान आल्यावर असे कितीतरी लोक आजोबा-पणजोबांच्या देशात परतले. आजी मुलीशी स्वाहिली बोलायच्या. भात नारळाच्या दुधात शिजवायच्या. अम्मीची आणि त्यांची मैत्री नारळावरून झाली, भाषेचा त्यात काही संबंध नव्हता. एकीने खोबरं खवलेलं दुसरीने बघितलं, बस्स. त्या वर्षी ईदला अम्मीची सांदणं खाली गेली आणि त्यांचा भात वर आला. मस्कतमध्ये त्यांना सगळे 'झंझिबारी' म्हणायचे. मी एकदा त्यांच्या मुलीला विचारलं, आजीला राग येत नाही? मुलीने विचारून सांगितलं, "ती म्हणते, झंझिबारमध्ये आम्हाला अरब म्हणायचे." आजी हसत होत्या. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. आपल्यासारखं दुसरंही कुणीतरी आहे, तेही सत्तरीचं, सोन्याच्या बांगड्या घातलेलं आणि मजेत भात ढवळणारं, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पुढचं भराभर सांगते. १९९९ ला मी शिकायला मुंबईत, मग नोकरी, लग्न, २००८ पासून नवऱ्याबरोबर दोहा. मुलगा २०१३ चा, दोह्यात जन्मलेला. २०२० ला महामारीत नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि आम्ही वंदे भारतच्या विमानाने परतलो. मुंबईत उतरल्यावर अम्मीला फोन केला तर ती म्हणाली, "तंबूत ठेवलं का?" म्हटलं नाही, हॉटेलात. "मग बरंय," म्हणाली. मुलगा तेव्हा सात वर्षांचा. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असतानाच त्याचं माझ्यासारखं झालं.

आता जनगणनेच्या कागदात आम्ही कसे दिसतो ते बघा. मागच्या वेळच्या, म्हणजे २०११ च्या प्रश्नावलीत जन्मस्थळ होतं आणि याआधीचं शेवटचं राहण्याचं ठिकाण होतं. या वेळीही तसंच असेल असं धरून चालते. म्हणजे माझं कुवेत आणि कतार. मधलं मस्कत गेलं, मुंबई गेली. खालच्या मजल्यावरच्या आजी गेल्या. अम्मीचं तर कुवेतच जातं, कारण ती शेवटी मस्कतहून आली. स्थलांतराच्या कारणांत 'कुटुंबासह' असा एक पर्याय होता. देशोदेशी फिरलेली सगळी मुलं त्या दोन शब्दांत बसतात, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलांना खरंच कुणी कारण विचारलेलं नसतं. बॅग भरली की ती निघतात.

आणि अब्बा. गणतीच्या सगळ्या दिवसांत जो माणूस देशाबाहेर असेल तो मोजला जात नाही, हा नियम तुम्हाला ठाऊक आहे. अब्बा १९७६ ला कुवेतला गेले. १९८१ ला ते तिथे, २००१ ला मस्कतला, २०११ ला ते राहिलेच नव्हते. कमावायला लागल्यापासून या देशाने त्यांना एकदाच मोजलं, १९९१ ला, आणि तेही लढाईने हाकलून घरी आणून बसवलं म्हणून. त्या कागदावर कामधंद्याच्या पुढे त्यांचं उत्तर होतं, काम शोधतोय. एअर कंडिशनरचा असा मेकॅनिक की आवाज ऐकून बिघाड सांगायचा. सरकारदरबारी तो आयुष्यभर एकदाच उभा राहिला, तोही बेकार म्हणून.

याला तुम्ही काही करू शकत नाही. रकाने तुम्ही आखलेले नाहीत. पण मातृभाषेच्या बाबतीत तुम्ही करू शकता, आणि ते तुमच्या सूचनांतच आहे. मागच्या जनगणनेच्या सूचना सांगतात की माणूस जी भाषा सांगेल तीच लिहायची. ती भाषा आहे की कशाची बोली, हे तुम्ही ठरवायचं नाही. धर्मावरून तर मातृभाषेचा अंदाज बांधायचाच नाही. २०११ ला देशभरातून लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं १९,५६९ निघाली. मग त्यांची छाननी होऊन १,३६९ ठरल्या. म्हणजे चाळण लावायला वर माणसं बसलेली आहेत. दारात चाळण लावायची गरज नाही. दारातून जे गेलंच नाही ते वर कुणाच्या हाती लागणार?

आता तुम्ही विचाराल, मग तुमच्या मुलाची मातृभाषा काय लिहू? तिथे माझीच पंचाईत आहे. व्याख्येप्रमाणे लहानपणी आई मुलाशी जी बोलली ती. आई मी. दोह्यात मी त्याच्याशी काय बोलत होते? शाळेची बस चुकेल म्हणून ओरडताना कोकणी, अभ्यास घेताना इंग्रजी, शेजारी लाहोरच्या बाई होत्या म्हणून बाहेर हिंदी. तो 'यल्ला' आधी शिकला आणि 'चल' नंतर. गावात आल्यावर 'खलास' इथेही चालतं हे कळून तो फार खूश झाला होता.

इथल्या शाळेत त्याला घातलं तेव्हा प्रवेशाच्या अर्जावर तोच रकाना आला. मी पेन उचललं, आणि मला लेखनिकसाहेबांचं सुरेख अक्षर आठवलं. समोरच्या बाईंना म्हटलं, मला कळत नाही काय लिहू. त्या म्हणाल्या, "राहू दे मोकळा. त्यालाच विचारते." आणि त्याला म्हणाल्या, "घाई नाही रे. पुढच्या आठवड्यात सांग." सात वर्षांच्या मुलाला! त्याने खरोखर आठ दिवस घेतले. दादीला, म्हणजे नवऱ्याच्या आईला, फोन केला, नानीला फोन केला, मला विचारलं की स्वप्न कुठल्या भाषेत पडतं हे कसं ओळखायचं. आठव्या दिवशी जाऊन सांगून आला, "कोकणी. पण मला नीट येत नाही." बाईंनी कोकणी लिहिलं. नीट येत नाही हे लिहायला रकाना नव्हता. पण मग त्याने ती शिकायला घेतली, नानीकडून, रोज फोनवर. अजून क्रियापदं चुकतात. नानी हसते आणि सुधारत नाही, तिला तशीच आवडतात.

तुमच्याकडे आठ दिवस नाहीत, मला माहीत आहे. एका घराला किती मिनिटं मिळतात आणि पलीकडे किती घरं राहिलेली असतात, तेही दिसतं. शिवाय परदेशातून आलेली घरं आता तुमच्या गटात एखाददुसरंच नसेल. कोकणात तर दर वाडीत आहेत, आणि फक्त आमच्यातलीच नाहीत. माझं मागणं एवढंच आहे की आडनाव वाचल्यावर पुढचा रकाना आपोआप भरू नका. घरात मूल असेल तर त्याच्याकडे बघून विचारा, बापाकडे बघून नको. ते गप्प राहिलं तर त्याचं उत्तर त्याच्या वतीने कुणी देऊ लागेल, आजी, काका, शेजारी. त्यांना जरा थांबवा. आणि लिहिल्यावर एकदा मोठ्याने वाचून दाखवा. धोतरवाल्या गुरुजींनी दाखवलं होतं तसं.

अम्मीकडे जाणार असाल तर दुपारी दोन ते चार टाळा. ती नमाज झाल्यावर झोपते आणि कडी वाजवलेली तिला ऐकू येत नाही. दारात काळं कुत्रं असेल, ते चावत नाही. जन्मगाव ती नदीपलीकडचं सांगेल, ते तसंच लिहा. आधीचं ठिकाण विचारलं की आधी कुवेतच म्हणेल आणि मग दुरुस्त करून मस्कत म्हणेल. मधे पाच-दहा मिनिटं नारळाच्या भाताची गोष्ट येईल. ओट्यावर पंखा आहे, बटण दाराच्या मागे.

आपली,
एक मोजली जाणारी